जुन्या पियानोचं ट्यूनिंग टिकत नाही? पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमीची आहे. घरात आजोबांच्या काळातला उभा पियानो आहे. ट्यूनर येतो, तीन-चार तास खपतो, आणि त्या संध्याकाळी पियानो इतका छान वाजतो की शेजारचे दार उघडून उभे राहतात. तीन आठवडे जात नाहीत तोच मधल्या सप्तकातले दोन-तीन सूर ठणकायला लागतात. पावसाळ्यात चार पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. पुढच्या खेपेला ट्यूनर म्हणतो, "आता पूर्ण ओव्हरहॉलच करायला पाहिजे." मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो आजोबांची आठवण आहे, दुसरा म्हणतो विकून टाका, बैठकीत तेवढी जागा होईल.

आमच्याकडे हे भांडण दोन वर्षं चाललं. आमचा पियानो वडिलांनी दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका कुटुंबाकडून घेतला होता. बनावट लंडनची. पुढच्या फळीवर दोन्ही बाजूंना बुजवलेली भोकं आहेत, तिथे एके काळी मेणबत्त्यांचे पितळी हात होते. दादरला तो वर्षातून एकदा ट्यून व्हायचा आणि मुकाट वाजायचा. २०१४ साली आम्ही तो कोथरूडला आणला आणि पहिल्याच एप्रिलमध्ये त्याचा सूर गेला. ट्यून केला, जूनमध्ये पुन्हा गेला. दिवाळीत केला, मार्चमध्ये गेला. एका कारागिराने सगळं फेल्ट बदललं, हातोड्या तासल्या, वरून आरशासारखं पॉलिश मारलं आणि भरपूर पैसे घेतले. पियानो देखणा झाला. बेसूर होता तो होताच. चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली की हे असं होतं. माझं म्हणणं एवढंच की पियानो वाचवायचा की नाही हे ठरवण्याआधी बिघाड हवेचा आहे की हाडांचा, ते शोधा. हवेचा असेल तर ओव्हरहॉलची गरज नाही, आणि हाडांचा असेल तर नव्या फेल्टने आणि पॉलिशने काही होत नाही.

आधी वर्षभराची वही

तंबोरा दर बैठकीला जुळवावा लागतो याचं कुणाला नवल वाटत नाही. पियानोत अशा सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र खुंटी. खर्जात एका पट्टीला एक जाड, तांब्याने गुंडाळलेली तार, मग दोन, आणि वर गेलं की तीन-तीन. पूर्ण आकाराच्या पियानोत या सगळ्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. पेटीचा सूर पितळेच्या पट्टीत असतो, म्हणून ती वर्षानुवर्षं फारशी हलत नाही. पियानोचा सूर मात्र लाकूड आणि तार यांच्या ओढाताणीत असतो, आणि लाकूड हवेतलं पाणी पितं.

तारांच्या मागे साउंडबोर्ड नावाची स्प्रूसची पातळ फळी असते, जेमतेम ८-९ मिलिमीटर जाडीची. पावसाळ्यात ती फुगते आणि तिच्यावरची, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पुढे ढकलली जाते. तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरडी हवा आली की फळी आकसते आणि सूर उतरतो. हे सगळीकडे सारखं होत नाही. मधल्या भागात, खर्जाच्या तारा संपून साध्या तारा जिथे सुरू होतात त्याच्या आसपास हा चढउतार सगळ्यात जास्त असतो. खर्ज त्या मानाने स्थिर राहतो. म्हणून जुलैमध्ये डावा हात आणि उजवा हात वेगवेगळ्या घरात राहत असल्यासारखे वाजतात.

तेव्हा एक वही घ्या आणि भिंतीला एक डिजिटल आर्द्रतामापक लावा. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, तेवढ्याच वाजता, फोनवरच्या ट्यूनर ॲपने प्रत्येक सप्तकातली पांढरी सहा मोजा. मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर असावी हा आजचा दंडक आहे, तो १९३९ सालच्या लंडनच्या परिषदेत ठरला. तुमची नेमकी ४४० नसेल तर घाबरू नका, आपल्याला फरक बघायचा आहे. आकडा लिहा, शेजारी आर्द्रता लिहा. आणि आणखी एक गोष्ट लिहा, तीच जास्त महत्त्वाची आहे. मधल्या सप्तकातली एकेक पट्टी सावकाश दाबून धरा आणि ऐका. आवाज सरळ जातोय की वाँव-वाँव-वाँव अशा लाटा येतायत? लाटा येत असतील तर त्या एका पट्टीच्या तीन तारा आपसात भांडतायत.

निदानाची सगळी किल्ली या दुसऱ्या नोंदीत आहे. एका पट्टीच्या तिन्ही तारा घोडीवर अगदी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. हवा बदलली तर तिघी जवळजवळ सारख्याच चढतील किंवा उतरतील. म्हणजे पावसाळ्यात सगळा मधला भाग चढला आणि जानेवारीत परत खाली आला, पण एकेक पट्टी आपल्यापुरती स्वच्छ राहिली, तर तो ऋतूचा खेळ आहे. तुमचा पियानो ठणठणीत आहे. पण ट्यूनिंगनंतर महिन्याभरातच इथली एक, तिथली एक अशा सुट्या तारा ओघळत असतील, आणि दर वेळी त्याच त्या असतील, तर हवेला दोष देऊ नका. तिथे खुंटी सैल आहे.

दोन अपवाद सांगायला हवेत, नाहीतर उगाच खुंट्यांवर आळ येईल. पंधरा-वीस वर्षं न छेडलेला पियानो एका बैठकीत ४४० ला चढवला तर तो खाली येणारच. तारांचा ताण झेलणारी लोखंडी चौकट, फळी, तारा, सगळ्यांना नव्या ताणाची सवय व्हायला वेळ लागतो आणि काही आठवड्यांनी दुसरं ट्यूनिंग लागतंच. नव्या तारांचंही तेच, त्या कित्येक महिने ताणल्या जात राहतात. दुसरा अपवाद ट्यूनरच्या हाताचा. खुंटी नुसती फिरवून सूर लावला आणि ती नीट बसवली नाही, तर चार दिवस जोरात वाजवल्यावर सूर सुटतो. एकदा दुसऱ्या ट्यूनरकडून करून बघणं हा या शंकेवरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

पट्टी अडकते ती नक्की कुठे?

पावसाळ्यात पट्टी अडकली म्हणून पियानो मेला असं होत नाही. वरची फळी काढा, ती बहुतेक पियानोंत आतल्या दोन खिट्ट्यांवर असते. अडकणारी पट्टी दाबा आणि आत बघा. हातोडी तारेवर आपटून परत आली पण पट्टी खालीच राहिली, तर पट्टीच्या भोकातलं कापड फुगलं आहे किंवा दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीतरी पडलं आहे. आमच्याकडे एकदा २५ पैशांचं नाणं निघालं, एकदा पेन्सिलीचा तुकडा. हातोडीच तारेजवळ रेंगाळत असेल तर तिच्या बिजागरीची बारीक पिन ओलीने आवळली गेली आहे. दोन्ही कामं तासाभराची आहेत, आणि वीस-पंचवीस हातोड्या रेंगाळत असल्या तरी ते एका दिवसाचं काम आहे. त्यासाठी "ॲक्शन (म्हणजे पट्टीपासून हातोडीपर्यंतची सगळी यंत्रणा) बदलावी लागेल" कुणी म्हणालं तर चहा पाजून निरोप द्या.

यात तेलाचा फवारा कधीही मारू नका. लाकूड आणि फेल्ट तेल पिऊन घेतात, दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ बसून सगळं चिकट होतं आणि ते निघता निघत नाही.

बाकी हवेचे उपाय साधे आहेत. पियानो बाहेरच्या भिंतीला, विशेषतः ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीला ठेवा आणि मागे चार बोटं जागा सोडा. ऊन, खिडकी, कूलरचा झोत यांपासून लांब. विदर्भात मे महिन्यात कोरडी भट्टी आणि संध्याकाळी पाण्याचा कूलर थेट पियानोवर, असं मी पाहिलं आहे. लाकडाला याहून वाईट काही नाही. एसी फक्त रात्री लावत असाल तरी लाकूड रोज वरखाली होतं. कोकणात आणि गोव्यात जुने लोक पियानोच्या खालच्या पोटात लहान वॅटचा पिवळा दिवा पावसाळाभर जळता ठेवायचे. युक्ती खरी आहे, पण उघडा दिवा आणि वाळलेलं लाकूड हा जोडा मला झेपत नाही. याच कामासाठी आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणाऱ्या गरम नळ्या मिळतात, त्या बऱ्या. एकूण आर्द्रता किती आहे यापेक्षा ती वर्षात किती हेलकावे खाते, हे जास्त महत्त्वाचं.

आमचं कोडं इथेच सुटलं. मुंबईची हवा बारा महिने दमट. पुण्यात पावसाळ्यात दमट आणि एप्रिलच्या दुपारी तोंडाला कोरड पडेल इतकी रखरखीत. दादरला फुगलेल्या लाकडाने कित्येक वर्षं खुंट्या धरून ठेवल्या होत्या. कोथरूडला लाकूड वाळलं आणि त्याची मूठ सुटली.

खुंटी बोलते

वसईचे एक म्हातारे ट्यूनर शेवटी आम्हाला भेटले. त्यांनी पॉलिशकडे बघितलंसुद्धा नाही. खुंटीवर किल्ली घातली, दोन बोटांनी ढकलली आणि म्हणाले, "बाय, ही बघ. लोण्यातनं फिरते." मग माझ्या हातात किल्ली दिली. चांगली खुंटी मनगटाला जाणवते, फिरताना करकरीत विरोध करते आणि सोडली की जागच्या जागी थांबते. आमच्या निम्म्या खुंट्या सोडल्या की हळूच मागे सरकत होत्या. त्यांनी पंधरा मिनिटांत केलेली ती परीक्षा आम्ही दोन वर्षं कुणाला करायला सांगितली नव्हती.

खुंटी साधारण ७ मिलिमीटर जाडीची पोलादी कांडी असते. तिला पेच नसतो म्हटलं तरी चालेल इतके बारीक आटे असतात. ती मेपल किंवा बीचसारख्या कठीण लाकडाच्या फळीत फक्त घर्षणावर उभी असते. जुन्या इंग्लिश पियानोंत लोखंडी चौकट बऱ्याचदा खुंट्यांच्या खालीच संपते, आणि ही फळी उघडी दिसते. हा एक फायदा आहे: टॉर्च घेऊन स्वतः बघा. खुंटीपासून खुंटीपर्यंत जाणारी चीर दिसते का? खुंट्यांभोवती काळपट, चिकट डाग आहेत का? असतील तर पूर्वी कुणीतरी रसायन ओतून वेळ मारून नेली आहे. एखादी खुंटी काढल्यावर सँडपेपरची गुंडाळी निघाली तर तीही तीच कथा.

सैल खुंटीवरचे उपाय चढत्या क्रमाने येतात. तारेचं वेटोळं आणि लाकूड यांत अंतर असेल तर खुंटी थोडी आत ठोकतात. ते पुरलं नाही तर एक नंबर जाड खुंटी घालतात, हे दहा-वीस खुंट्यांसाठी ठीक. सगळीकडेच सैल असेल तर पियानो पाठीवर झोपवून प्रत्येक खुंटीच्या मुळाशी फेव्हिक्विकच्या जातीचा पण पाण्यासारखा पातळ गोंद थेंब थेंब सोडतात. तो बारीक चिरांत शिरून घट्ट होतो. जुनी मंडळी याला नाक मुरडतात, पण वाळून चिरलेल्या लाकडावर याने खरोखर काम होतं. आमच्यावर झालं. मात्र हे घरी स्वतः करून बघू नका. वाफ डोळ्यांना झोंबते, आणि दोनशे किलोचा पियानो पाठीवर झोपवणं हा काही एका माणसाचा खेळ नाही. फळीचे थरच सुटले असतील तर गोंद पुरत नाही. मग नवी फळी, नव्या खुंट्या, नव्या तारा. याला खऱ्या अर्थाने पुनर्बांधणी म्हणतात, आणि ती करण्याच्या लायकीचे पियानो फार थोडे असतात.

जिथे थांबायचं

लोखंडी चौकटीला तडा. विषय संपला. टॉर्चने आडव्या-उभ्या दांड्या बघा, खर्ज आणि मधला भाग जिथे वेगळे होतात तिथे जास्त. एक भाग ट्यून करताना शेजारचा भाग सारखा कोसळत असेल तरीही चौकटीची शंका घ्या. ओतीव लोखंड जोडता येतं म्हणणारे भेटतील, पण इतक्या ताणाखाली ते टिकेल याची हमी कुणी देत नाही. चौकट लोखंडाची नसून लाकडाचीच असेल तर तो पियानो ४४० ला नेण्याचा विचार सोडा. तो वस्तू म्हणून सुंदर असेल, वाद्य म्हणून त्याचं आयुष्य झालं.

वाळवी. पट्ट्यांच्या खालच्या फळीवर आणि तळाच्या फळीवर टोचणी टोचून बघा. टोचणी सहज आत गेली तर पट्ट्यांचा सगळा पाया पोकळ आहे. फेल्ट खाणारी कसर मात्र वेगळी. ती घाण दिसते, पण फेल्ट बदलता येतं. हातोड्यांना जोडलेल्या फिती उंदरांनी कातरल्या असतील तर त्याही बदलता येतात. या कापडी फिती शंभर वर्षांत आपोआपही कुजतात, त्यांचा बाऊ नको.

साउंडबोर्डला चीर दिसली की लोक हाय खातात. मला तो गैरसमज वाटतो. फळी तिच्या मागच्या कांबींना घट्ट चिकटलेली असेल तर चिरेसकट पियानो चांगला वाजतो. घोडीवरची चीर त्याहून जास्त गंभीर, कारण तारेची पिन तिथे सैल होते आणि सुराला नको ती जवारी लागते. (झणझण ऐकू आली तर आधी पियानोवरची फोटोफ्रेम उचलून बघा. निम्म्या वेळा तीच असते.) खर्जाच्या तारा थड्ड वाजत असतील तर तांब्याच्या गुंडाळीत मैल आणि गंज बसला आहे, तेवढाच संच नवा बनवून घेता येतो आणि पियानोत जीव आल्यासारखं वाटतं. वरच्या तारा लाल गंजल्या असतील, विशेषतः समुद्राजवळच्या घरांत, तर ट्यूनरला सूर चढवायचा आग्रह करू नका, त्या तुटत जातील. आमचा पियानो आजही अर्धा सूर उतरलेला आहे. पांढरी एक दाबली की पांढरी सात वाजते. बासरीवाल्याबरोबर वाजवायचं असेल तर अडचण, एकट्याने वाजवायला काही नाही.

नावाला भुलू नका

झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत नाव आणि पदकांची चित्रं असतात. तिथे लंडन १८६२ लिहिलं आहे म्हणून पियानो १८६२ चा होत नाही. कंपनीला त्या वर्षीच्या प्रदर्शनात पदक मिळालं, पियानो त्यानंतर केव्हाही बनलेला असेल. वय शोधायचं तर चौकटीवर किंवा लाकडावर ठोकलेला अनुक्रमांक बघा आणि त्या कंपनीच्या छापील यादीशी ताडून घ्या. स्टाइनवे, बेश्टाइन आणि ब्लूथनर या तिन्ही कंपन्या १८५३ साली सुरू झाल्या, एक न्यूयॉर्कला, दुसरी बर्लिनला, तिसरी लाइपझिगला. असं नाव, तिरप्या खर्जाच्या तारा आणि धड चौकट असेल तर पुनर्बांधणीचा खर्च निदान विचारात घेण्यासारखा आहे. नाव खोटं चिकटवलेलंही असतं, म्हणून चौकटीत ओतलेलं नाव आणि झाकणावरचं नाव जुळतंय का ते पाहा. तारा सगळ्या सरळ उभ्या आणि डँपर (पट्टी सोडली की तारेचा आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे) हातोड्यांच्या वर तारांच्या पिंजऱ्यासारखे असतील तर तो जुना घरगुती इंग्लिश नमुना. आपल्याकडच्या जुन्या पियानोंत असे खूप. असल्या पियानोवर आठवणीखातर पैसे घालावेत, गुंतवणूक म्हणून नाही.

पांढऱ्या पट्ट्यांवर बारीक नैसर्गिक रेघा आणि काळ्या पट्ट्यांच्या पुढे आडवा सांधा दिसला तर ते हस्तिदंत असू शकतं. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तेव्हा असा पियानो विकायचा किंवा विकत घ्यायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा.

पैशांचा हिशेब मी असा लावते. ट्यूनिंग, पट्ट्या, फिती, थोड्या खुंट्या, खर्जाचा संच इथपर्यंतचा खर्च डोळे मिटून करावा. त्यापुढचा आकडा मिळाला की चांगल्या स्थितीतल्या, जुन्या जपानी उभ्या पियानोची किंमत विचारावी, ते आता आपल्या मोठ्या शहरांत सहज मिळतात. दुरुस्ती त्याहून महाग पडत असेल आणि घरात मूल शिकत असेल, तर मुलाला जपानी पियानो द्यावा. पियानोच्या आठव्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला अर्धा सूर उतरलेल्या, मंद हातोड्यांच्या पियानोवर बसवणं म्हणजे आपल्या आठवणींचा भार तिच्या बोटांवर टाकणं.

ट्यूनरला पुढचा फोन कराल तेव्हा "ओव्हरहॉलला किती घ्याल" असं विचारू नका. वही समोर ठेवून हे विचारा: खुंट्या किती घट्ट आहेत, खर्जातल्या, मधल्या आणि वरच्या भागातल्या वेगवेगळ्या सांगा. चौकट टॉर्चने पाहिली का? आता सूर किती उतरलेला आहे, आणि तारा न तोडता तुम्ही कुठवर न्याल? पुढच्या ट्यूनिंगला वहीतल्या याच त्या पट्ट्या (आमच्याकडे अशा सात होत्या) पुन्हा उतरल्या तर काय कराल? आमच्या वसईच्या अंकलनी शेवटच्या प्रश्नाला "मग पैसे घेणार नाय" असं उत्तर दिलं होतं. त्या सात पट्ट्यांतल्या पाच टिकल्या. उरलेल्या दोघींसाठी ते जाड खुंट्या घेऊन गणपतीनंतर येणार आहेत.